सोन्यासाठी लाखो लोक धावले, पण पैसा नेमका कुणी कमावला?

२०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. भाव असा चढला की आपण दागिन्यांचा हिशेब करतो. तिकडे सोनं सापडेल अशा नद्यांवर आणि जंगलांत मात्र माणसांची झुंबड उडते. यालाच 'गोल्ड रश' म्हणतात. ॲमेझॉनच्या जंगलात अलीकडे तेच झालं. ते समजून घ्यायला आधी कॅलिफोर्निया पाहू.

सुरुवात कशी झाली?

२४ जानेवारी १८४८. जॉन सटरच्या लाकूड गिरणीचं बांधकाम सुरू असताना जेम्स मार्शलला पाण्यात सोन्याचे कण दिसले. बातमी पसरली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख लोक कॅलिफोर्नियात पोहोचले. अमेरिकेच्या पूर्व भागातून बैलगाडीने यायचं तर तीनेक हजार किलोमीटरचा प्रवास. वाटेत कॉलराने अनेकांचे जीव घेतले.

तिथलं आयुष्य कसं होतं?

राहायला तंबू. दिवसभर बर्फासारख्या थंड पाण्यात उभं राहून परातीत वाळू चाळायची. खायला बीन्स आणि खारवलेलं मांस. ताज्या भाजीअभावी स्कर्व्ही व्हायचा. त्यात महागाई अशी की एका अंड्याला एक डॉलर मोजावा लागे. पूर्वेकडे मजुराला दिवसभर राबून साधारण तेवढेच मिळत! सोनं मिळालं तरी ते पोटापाण्यातच संपायचं.

मग श्रीमंत कोण झालं?

सॅम्युअल ब्रॅनन. त्याने सोन्याचा गाजावाजा केला आणि खोदणाऱ्यांना लागणारं सामान आपल्या दुकानातून विकून तो गडगंज झाला. सोनं शोधणारा मार्शल गरिबीत वारला. सटरची जमीन लोकांनी बळकावली आणि त्याचं दिवाळं निघालं. परदेशी खाणकामगारांवर १८५० मध्ये महिना २० डॉलरचा कर लावला गेला.

खरी किंमत कुणी मोजली?

ज्यांची ही जमीन होती त्यांनी. १८४८ मध्ये तिथे सुमारे दीड लाख मूळनिवासी होते. १८७० पर्यंत जेमतेम ३० हजार उरले. रोगराई आणि उपासमारीबरोबरच सरकारी पैशाने झालेल्या कत्तलींनी त्यांचा बळी घेतला. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने त्याबद्दल माफी मागितली ती थेट २०१९ मध्ये.

दुसरी किंमत पाऱ्याची. पारा सोन्याच्या बारीक कणांना धरून ठेवतो. मग तो तापवून उडवला की सोनं उरतं. तेव्हा नद्यांत गेलेला पारा अजून गाळात आहे. म्हणूनच तिथल्या काही नद्या-तलावांतले मासे बेताने खा, असा सल्ला आजही दिला जातो.

आज काय चाललंय?

जानेवारी २०२३ मध्ये ब्राझील सरकारने यानोमामी आदिवासींच्या भागात आरोग्य आणीबाणी जाहीर केली. तिथे अंदाजे २० हजार लोक बेकायदा सोनं काढत होते. मुलं कुपोषण आणि मलेरियाने दगावत होती, नद्यांत पारा मिसळत होता. सरकारने खाणवाल्यांना हटवायची मोहीम काढली, पण भाव चढे असताना त्यांना दूर ठेवणं सोपं नाही.

पाऱ्याला आळा घालणारा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे. पण छोट्या खाणींत पारा आजही सर्रास वापरला जातो. कॅलिफोर्नियाच्या नद्या पावणेदोनशे वर्षांनंतरही पूर्ण साफ झालेल्या नाहीत. यानोमामींच्या नद्यांना किती वर्षं लागतील, याचा हिशेब सोन्याच्या भावात धरलेला नसतो.