प्लेट सरकारची, मग पापुद्रा कुणाचा?

धावड्यात हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा विषय काढा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "हा नुसता पैसे काढायचा धंदा आहे." जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्याचं हे टोक. एकीकडे अजिंठ्याचा डोंगर, दुसरीकडे बुलढाण्याची हद्द. त्यामुळे रस्त्यावर एकवीस, वीस आणि अठ्ठावीस अशा तिन्ही पासिंगच्या गाड्या दिसतात. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या जुन्या गाड्यांना राज्याने ही प्लेट सक्तीची केली. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची होती. ती जूनअखेर, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर अशी सरकत गेली. ज्याने रांगेत उभं राहून पहिल्याच मुदतीत प्लेट बसवली तो खुळा ठरला आणि "वाढेल अजून" म्हणणारा शहाणा. सरकारी हुकमाची पत अशानेच जाते, हे कबूल. पण म्हणून हुकूमच चुकीचा ठरत नाही.

पैशाचा आक्षेप आधी घेऊ. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, मोटारीला ७४५, वर जीएसटी. म्हणजे मोटारसायकलला ५३१ रुपये मोजायचे. बसस्टँडजवळच्या पेंटरकडे याच्या कितीतरी कमी पैशांत काम व्हायचं, हे खरं. पण त्या पेंटरने कधी गाडीची कागदपत्रं मागितली होती का? जो नंबर सांगाल तो तो लिहून द्यायचा, २१४ चा 'राम' हवा असेल तर तसाही काढून द्यायचा. नेमकी हीच सोय बंद करायची होती. मोटार वाहन नियमांच्या नियम ५० मध्ये ही तरतूद २००१ साली आली, सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती उचलून धरली, आणि राज्यं चालढकल करतात म्हणून पुढे बिट्टा नावाच्या याचिकाकर्त्याच्या खटल्यात त्यांची कानउघाडणीही केली. महाराष्ट्र जागा झाला तो बराच उशिरा.

"चोराला काय प्लेट अडवणार?" हा दुसरा आक्षेप. चोरी थांबेल असं कुणी शहाणा माणूस म्हणणारही नाही. पण या प्लेटवर लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, तो गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो, आणि मागची प्लेट ज्या स्नॅप लॉकने बसते ते एकदा काढलं की मोडतं, परत लागत नाही. आता कॅमेरा फक्त नंबर वाचतो. कुणी पुण्यात आपल्या गाडीला तुमचा एकवीस पासिंगचा नंबर रंगवून फिरला, तर ई-चलान तुमच्या मोबाइलवर येऊन पडतं. तेव्हा तुमची गाडी शेतात मक्याची कणसं वाहत होती हे सिद्ध करायला कुठे जाल? या प्लेटची गरज चोरापेक्षा सरळ माणसाला जास्त आहे. "खेड्यात कोण बघतो" हा तिसरा आक्षेप तर उत्तर देण्याच्याही लायकीचा नाही. गाड्या खेड्यातच थांबतात थोड्याच!

इथवर मी सरकारच्या बाजूने बोललो. आता सरकारकडे वळतो.

जुनी प्लेट माझी होती. रंग गेला तर मी चार ब्रश फिरवून घ्यायचो, विषय संपला. नव्या नियमाने तो हक्क काढून घेतला. आता प्लेट कुणी बनवायची, कुठे बसवायची, किती पैसे घ्यायचे हे सगळं सरकार ठरवतं. राज्याचे तीन विभाग पाडून तीन कंपन्यांना कामही नेमून दिलं आहे. मला खिळाही बदलायची मुभा नाही. मग ती प्लेट उन्हाने फुगली, पांढऱ्या फिल्मला बुडबुडे आले, अक्षरांचा काळा रंग उडाला, तर खर्च कुणाचा? आजचा रिवाज असा की मालकाने पुन्हा ऑनलाइन अर्ज करायचा, पुन्हा पैसे भरायचे, पुन्हा तारीख घेऊन केंद्रावर जायचं. आणि दरम्यान नंबर वाचता येत नाही म्हणून दंडही त्यालाच.

गंमत म्हणजे नियम ५० मध्येच लिहिलंय की प्लेटवरची परावर्तक फिल्म किमान ५ वर्षं खराब होणार नाही अशी हमी हवी. हमी कागदावर आहे, पण ती वसूल करण्याचा रस्ता सामान्य माणसाला दिसेल असा कुठे आहे? मालकावर सक्ती करताना सरकार जेवढं कडक होतं, तेवढं ठेकेदाराकडून हमी वसूल करताना का होत नाही? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात अशाच पापुद्रे सुटलेल्या प्लेटा निघाल्या, तेव्हा तिथलं वाहन खातं त्या फुकट बदलून देऊ लागलं. त्याच राज्यात २०१९ मध्ये गव्हर्नरांनी दहा वर्षांहून जुन्या प्लेटा २५ डॉलर घेऊन सक्तीने बदलायचं जाहीर केलं आणि लोक भडकल्यावर बेत मागे घेतला. आपल्याकडे लोक भडकले की फक्त मुदत वाढते.

ठेकेदार म्हणेल, खेड्यातले लोक प्लेटा नीट वापरत नाहीत. थोडं खरं आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराला मिरचीची पोती मोटारसायकलवर दोरीने आवळून नेताना मागची प्लेट दुमडते. ट्रॅक्टरची तर ट्रॉली जोडता-सोडताना चेपते. असं वाकलेलं, चेपलेलं, तुटलेलं मालकाने पदरच्या पैशाने बदलावं. हरवली किंवा चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार द्यायची अटही रास्त आहे, नाहीतर तीच प्लेट उद्या दुसऱ्या गाडीवर दिसेल. पण पत्रा सरळ आहे आणि फिल्म सुटली आहे, हा दोष मालाचा. या दोन्हींतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. आरटीओचा निरीक्षक गाडीभोवती एक फेरी मारून सांगेल. त्याने तसा शेरा मारला की पाच वर्षांच्या आतली प्लेट कंपनीने फुकट द्यावी, तीही भोकरदनला कॅम्प लावून, कारण एका पत्र्यासाठी धावड्याहून जालना गाठायचं म्हणजे रोजगार बुडवायचा. आणि तो शेऱ्याचा कागद खिशात असेपर्यंत रस्त्यावरच्या हवालदाराने पावती फाडू नये.