दार उघडलेच पाहिजे!

टेबलावर टेकड्या, रस्ते आणि घरे मांडायची, दोन्ही बाजूंना चिमुकले सैनिक व गाड्या उभ्या करायच्या आणि मोजपट्टी व फासे घेऊन नियमांनुसार लढाई खेळायची, असा एक छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. ‘टाइम मशीन’चे लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम दिले. खरे युद्ध हा फार महागडा आणि अविचारी खेळ आहे, त्यापेक्षा ही लुटुपुटीची लढाई बरी, असेही त्यांनी पुस्तकाच्या शेवटी बजावले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

या छंदातील काही जण दुकानातला तयार संच न घेता पुठ्ठा, प्लॅस्टिकचा पत्रा आणि तार यांतून चिलखती गाड्या मुळापासून घडवतात. त्यांतले थोडे जण आणखी पुढे जाऊन गाडीचे दार खरोखर उघडेल असे करतात. यावर पुष्कळ जण नाक मुरडतात. हाताळताना दार मोडते. शिवाय ते उघडते की नुसते रंगवलेले आहे, हे टेबलाच्या पलीकडून कोणाला कळणार? पन्नास गाड्यांचा ताफा करायचा असेल, तर हे म्हणणे मलाही मान्य आहे. परंतु विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही एकच गाडी करणार असाल, तर तिचे दार उघडलेच पाहिजे!

याचे पहिले कारण असे की, दार उघडायचे म्हटले की ‘आत काय आहे?’ हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकन एम-११३ या गाडीचे इंजिन पुढे आहे. त्यामुळे मागची बाजू मोकळी राहते आणि तेथील भिंतच तळाच्या बिजागऱ्यांवर खाली उतरते. आपल्या लष्करातील ‘सारथ’, म्हणजे मूळची सोव्हिएत बीएमपी-२, हिचेही इंजिन पुढेच. पण तिला मागे दोन दारे आहेत, कारण सैनिक मधल्या इंधनटाकीला पाठ लावून दोन रांगांत बसतात. ही दारे पोकळ असून त्यांतही डिझेल भरतात. उलट, सोव्हिएत बीटीआर-६० या गाडीची इंजिने मागे असल्याने तेथे दाराला जागाच नाही. सैनिकांना छतावरच्या किंवा बाजूच्या झडपांतून बाहेर पडावे लागते. रंगवलेल्या दाराला हे काहीच ठाऊक नसते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रंग चुका झाकतो, बिजागरी मात्र त्या उघड्या पाडते. १:७२ या प्रमाणात सव्वा मीटर उंचीचे दार सुमारे १७ मिलिमीटरचे होते. समजा, ते १ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे आहे आणि बिजागरीची खीळ जाडीच्या मधोमध, कडेपासून ०.५ मिलिमीटरवर आहे. आता पायथागोरसचा सिद्धांत लावा. दाराचा कोपरा खिळीपासून ०.७१ मिलिमीटरवर येतो आणि चौकट तर ०.५ मिलिमीटरवरच आहे! दार फिरवताच तो कोपरा चौकटीला अडणार. म्हणजे निदान पाव मिलिमीटर फट ठेवली पाहिजे, नाहीतर कड अर्धगोल घासली पाहिजे. वहीतला सिद्धांत खरा की खोटा, हे येथे बोटाला कळते.

साहित्य साधेच लागते. टाचणी ही खीळ, आणि विजेच्या बारीक वायरीचे सोललेले आवरण ही नळी. नळीचे तीन तुकडे करा. वरचा व खालचा चौकटीला चिकटवा आणि मधला दाराला. तिन्ही एका सरळ रेषेत हवेत. जरा तिरके झाले की दार अडखळते. चिकटवताना पातळ गोंद केशाकर्षणाने बारीक फटीत शिरतो आणि बिजागरी कायमची बंद होते. म्हणून टाचणीला आधी मेण चोळा व गोंद टाचणीच्या टोकाने अगदी थोडा लावा. पहिले दार बहुधा बिघडेल. ते टाकू नका. कोठे अडले ते पाहून दुसरे करा.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत चकचकीत, कधी कधी विकत आणलेल्या प्रतिकृतींना बक्षिसे मिळतात, आणि स्वतः खटपट करणारा मुलगा डागाळलेला पुठ्ठा घेऊन कोपऱ्यात उभा राहतो. परीक्षण करताना रंगाकडे पाहण्याआधी म्हणावे, ‘दार उघडून दाखव. आता मिटव. पुन्हा उघड.’ मग विचारावे, ‘दार येथेच का? बिजागरी या बाजूलाच का?’ ज्याने ते स्वतः केले आहे, त्याला उत्तरासाठी पाठांतर लागणार नाही.

बिजागरी कळली की ती रणगाड्यापुरती राहत नाही. रुग्णवाहिकेचे दार, कालव्याचे झडपदार, घरातले कपाट, सगळीकडे तीच खीळ आणि तेच कोपऱ्याचे गणित आहे. दार कोणत्याही गाडीचे करा. पण ते उघडले पाहिजे आणि नीट मिटलेही पाहिजे.