हळदीवरील अमिनो आम्लांचे फवारे आणि करक्युमिनचा भाव

हळदीचीं पानें कमरेला लागूं लागलीं कीं सांगली व सातारा जिल्ह्यांत अमिनो आम्लांच्या बाटल्यांचा प्रचार सुरू होतो. फवाऱ्यानें कंद पोसतो व त्यांतील औषधी द्रव्य, म्हणजे करक्युमिन, वाढतें, अशीं दोन आश्वासनें एकाच बाटलीवर दिलीं जातात. ह्या दोहोंचा विचार निरनिराळा केला पाहिजे, असें आमचें मत आहे.

करक्युमिनविषयींच्या म्हणण्यास शास्त्राचा आधार मुळींच नाहीं असें नव्हे. हळदीचें झाड फेनिलॲलनीन नांवाच्या अमिनो आम्लापासूनच करक्युमिन बनवितें. सदाफुलींतील औषधी अल्कलॉइडें ट्रिप्टोफॅन ह्या दुसऱ्या आम्लापासून होतात, व त्याच्या फवाऱ्यानें तीं वाढल्याची नोंद ईजिप्तमधील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केली. परंतु तेथें द्रव्य एकच व शुद्ध होतें. बाजारांतील बाटली बहुधा सोयाबीनच्या किंवा जनावरांच्या कातड्याच्या प्रथिनाचें विघटन करून केलेलें मिश्रण असतें.

येथें थोडा हिशेब करूं. लिटरभर बाटलींत २०० ग्रॅम अमिनो आम्लें असलीं, तर त्यांतील नत्र सुमारें ३२ ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम युरियाइतका. कातड्याच्या मालांत फेनिलॲलनीन शेंकडा दोनच्या आसपास, म्हणजे लिटरमागें चार ग्रॅम. उलट, एकरीं २५ क्विंटल सुकी हळद व शेंकडा ४ करक्युमिन धरल्यास तें १०० किलो भरतें. त्यासाठीं झाडास सुमारें ९० किलो फेनिलॲलनीन स्वतःच तयार करावें लागतें. चार ग्रॅमांनीं ही उणीव कशी भरावी? ताण पडलेल्या पिकास बाटलीनें उभारी आली तर येवो. कच्चा माल म्हणून तिची किंमत शून्यवत् आहे. करक्युमिन मुख्यतः ठरतें तें जातीवर. कसबे डिग्रज येथील संशोधनांतून निघालेली फुले स्वरूपा ह्याच कारणानें विचारार्ह आहे.

शिवाय कंद फुगला म्हणून द्रव्याचें प्रमाण वाढतेंच असें नाहीं. ३० क्विंटल हळद शेंकडा ३.२ करक्युमिनची निघाली, तर एकूण द्रव्य ९६ किलोच, म्हणजे २५ क्विंटलांच्या पिकापेक्षां कमी. तरी सौद्यांत हें दुसरें पीकच अधिक पैसा आणील, कारण हळकुंडाचा रंग, जाडी व चकाकी पाहून भाव पुकारला जातो. मग करक्युमिनसाठीं शेतकऱ्यानें पदरमोड कां करावी? आमच्याच भागांत ऊंसाचा दर उताऱ्याशीं व दुधाचा दर फॅटशीं जोडलेला आहे. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आतां वकलाचा नमुना तपासून करक्युमिनचा आंकडा सौद्यापूर्वीं जाहीर व्हावा, ही मागणी संघांनीं बाजार समित्यांपुढें मांडलीच पाहिजे.

तोंवर ज्यांस फवारा द्यावयाचा असेल त्यांनीं बाटलीवरील घटक वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत; जैव-उत्तेजकें २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखालीं आलीं आहेत. आणि चार गादीवाफ्यांवर औषधाऐवजीं नुसतें पाणी फवारावें. काढणीच्या वेळीं दोन्ही ढीग वेगळे शिजवावे, वेगळे वाळवावे, व वजन पॉलिश करण्यापूर्वींच घ्यावें.