कमावत्या विभागाचा प्रमुख कसा असावा?



या वेळच्या व्हिडिओत आपण दुकानाची वही कशी लिहायची ते बघितलं. जमा-नावे, उधारी, घट, सगळं. आज त्याच्याच जोडीला थोडा वेगळा विषय घेतोय. कॉलेजात धंदा शिकवणाऱ्या विभागाचा प्रमुख कसा असावा? आणि तेसुद्धा अशा कॉलेजात, जे पैसा कमवायला शिकवण्यासाठी निघालेलंच नाही.

तुम्ही म्हणाल, दादा, आपण हिंगोलीत दुकानं चालवणारी माणसं, आपल्याला याचं काय? पण तुमच्यापैकी किती जणांचं पोरगं किंवा पोरगी बारावीनंतर बीबीएला जाणार आहे ते आठवा. तीन वर्षांची फी, नांदेडला नाहीतर पुण्याला खोली, मेस. एवढं सगळं करून ते लेकरू काय होऊन परत येणार, हे बरंचसं त्या विभागप्रमुखावर ठरतं. म्हणून बोलायचं.

आता एक कॉलेज डोळ्यासमोर आणा. मुंबईत धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेज आहे. जेझुइट फादर लोकांनी १८६९ मध्ये काढलेलं. मूळ ओळख कला आणि विज्ञानाची. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, विज्ञान असं सगळं शिकून आधी माणूस घडवायचा, नोकरी नंतर, हा तिथला जुना विचार. लिबरल आर्ट्स म्हणतात ते हेच. विद्यार्थ्याला पुस्तकाबाहेर समाजात जाऊन ठरावीक तास काम करावं लागतं. अशा घरात नंतर बीएमएस, म्हणजे मॅनेजमेंटचा कोर्स आला. नफा, मार्केटिंग, फायनान्स.

इथंच खरी गोम आहे. मुंबईतल्या जुन्या अनुदानित कॉलेजांत असे कोर्स साधारणपणे विनाअनुदानित चालतात. इतिहासाच्या प्राध्यापकाचा पगार सरकार देतं. बीएमएसचा खर्च मुलांच्या फीमधून निघतो. म्हणजे हा विभाग घरातला कमावता मुलगा झाला. आणि कमावत्या मुलाचं काय होतं हे आपल्याला सांगायला नको. पैसा त्याच्याकडून घ्यायचा, आणि वर 'तुला पैशाशिवाय काही दिसतं का?' हेही त्यालाच ऐकवायचं.

मग प्रमुख दोनपैकी एक वाट धरतो. एक तर तो नुसता गल्ला सांभाळतो: प्रवेश किती, फी किती, प्लेसमेंट किती. नाहीतर वरच्यांना बरं वाटावं म्हणून 'बिझनेस एथिक्स'चा एक पेपर लावतो, वर्षातून एकदा पाहुणा बोलावतो, फोटो काढतो आणि मोकळा होतो.

माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही वाटा चुकीच्या. धंदा आणि धर्म या दोन वेगळ्या खोल्या नाहीत. ज्या प्रमुखाला त्या एकाच वहीत लिहिता येतात, तोच खरा प्रमुख.

पटत नसेल तर इतिहास बघा. आपण ज्याला दुहेरी नोंद पद्धत म्हणतो, ती छापील पुस्तकात नीट मांडून दिली लुका पाचोली यांनी, व्हेनिसमध्ये, १४९४ साली. शोध त्यांचा नव्हे, पद्धत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची. पण लिहिली कोणी? गरिबीचं व्रत घेतलेल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या एका कॅथलिक साधूने! वहीची सुरुवात देवाच्या नावाने करा असं त्यांनी व्यापाऱ्यांना सांगितलं. आपण लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीवर 'श्री' काढतो, तसंच. पुढे १६३६ मध्ये लुडोविको फ्लोरी नावाच्या जेझुइटाने मठ आणि संस्थांचे हिशेब दुहेरी नोंदीने कसे ठेवायचे यावर अख्खा ग्रंथ लिहिला. म्हणजे हिशेब हे त्या परंपरेत परकं पोर नाही, घरचंच आहे. प्रमुखाने मान खाली घालायचं कारण नाही.

पण त्याच परंपरेत दुसरी गोष्टही आहे. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे पत्र काढलं. त्यात मजुरीबद्दल सांगितलं की मजूर 'हो' म्हणाला एवढ्यावर मजुरी न्याय्य होत नाही, त्यात त्याचं साधं पोट भरलं पाहिजे. गरजेपोटी माणूस कशालाही 'हो' म्हणतो, हे तुम्ही-मी रोज बघतो. १९४९ मध्ये जेझुइटांनी जमशेदपूरला एक्सएलआरआय काढलं. आज ते देशातल्या नावाजलेल्या मॅनेजमेंट संस्थांपैकी एक आहे. त्याच्या नावातले 'एल' आणि 'आर' म्हणजे लेबर रिलेशन्स. कामगाराशी असलेलं नातं नावातच घेतलं होतं.

आता हे वर्गात कसं आणायचं? वेगळा पेपर नको. कॉस्टिंगचाच पेपर घ्या आणि आपल्याकडचं उदाहरण टाका.

प्रश्न: वसमतच्या मोंढ्यात एका व्यापाऱ्याने हळद घेतली. खरेदी, हमाली, तोलाई, बारदाना, गाडीभाडं आणि वजनातली घट धरून क्विंटलमागे खर्च काढा.

इथपर्यंत कुठलंही कॉलेज शिकवतं. आता पुढचे तीन उपप्रश्न. हमाली निम्मी केली तर क्विंटलमागे नफा किती वाढतो? १९६९ चा माथाडी कायदा याबद्दल काय सांगतो? आणि वाढलेला तो नफा नेमका कोणाच्या घरातून आला?

बघा, प्रवचन नाही, डोळे मिटणं नाही. आकडेमोडच आहे, पण आकड्याच्या मागचा माणूस दिसतो. ज्या पोराने हे गणित तीन वर्षं सोडवलं, ते उद्या तुमच्या दुकानात बसलं तर नोकराचा पगार 'खर्च' म्हणून लिहील, पण 'ओझं' म्हणून बघणार नाही.

अजून एक उदाहरण. झेवियर्समध्ये २००३ पासून दृष्टिहीनांसाठी एक केंद्र चालतं. बँकेचे व्यवहार दृष्टिहीन माणसाला स्वतःचे स्वतः करता यावेत यासाठी त्या केंद्राने काम केलं आहे. हे समाजकार्य आहे का? आहे. पण हा धंद्याचाही धडा आहे. जो ग्राहक तुमच्या काउंटरपर्यंत पोचूच शकत नाही, तो तुमच्या वहीत येणार कसा? हुशार प्रमुख आपली मार्केटिंगची मुलं अशा केंद्रात पाठवेल. दया करायला नाही, शिकायला.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, आणि इथे बरेच जण गप्प बसतात. विभागाची स्वतःची वही.

आपल्या महाराष्ट्रात किती प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवतात हे तुम्हाला माहीत आहे. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावतील का याचा भरवसा नाही. अशा माणसाने वर्गात 'न्याय्य मजुरी' शिकवायची? पोरं हुशार असतात. सर काय बोलतात ते वहीत लिहितात आणि सरांना काय मिळतं ते मनात लिहितात. म्हणून माझ्या मते प्रमुखाचं पहिलं काम अभ्यासक्रम नव्हे, ताळेबंद आहे. फी किती जमा झाली, त्यातली शिकवणाऱ्यांना किती गेली, कॉलेजच्या इतर कामाला किती गेली, गरीब मुलांच्या सवलतीला किती गेली, हे त्याने प्राचार्यांसमोर आणि आपल्या शिक्षकांसमोर उघड मांडावं. कमावत्या मुलाने घर चालवायला ना नाही. पण हिशेब उघडा हवा.

तुम्ही म्हणाल, सगळं खरं, पण आई-बापाला नोकरी पाहिजे. बरोबर आहे. मी स्वतः बीबीए केलं, दुकान चालवतो, मला फीची किंमत कळते. शेत विकून शिकवलेल्या पोराला फक्त विचार देऊन परत पाठवणं हाही अन्यायच. त्यामुळे जीएसटीचं रिटर्न, एक्सेल, विक्री, बोलणं हे पक्कं यायलाच पाहिजे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सॉफ्टवेअर चार वर्षांत बदलतं. माणूस ओळखणं, शब्द पाळणं, न पटणाऱ्या कागदावर सही न करणं, हे चाळीस वर्षं पुरतं.

आणि सध्या प्रमुखांवर दबावही मोठा आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले, महाराष्ट्रात प्रवेशाला सीईटी लागली. काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून तो बी.कॉम.मध्ये बसवला. जागा भरायच्या धावपळीत 'आपण हे शिकवतो कशासाठी' हा प्रश्न सगळ्यात आधी मागे पडतो. तो धरून ठेवणं हेच प्रमुखाचं काम. त्यासाठी फादरच असावं लागतं असं नाही. नर्सीला जन्मलेल्या नामदेव महाराजांच्या जिल्ह्यात हे मी काय सांगायचं? हिंगोलीतला, वसमतचा, नांदेडचा कुठलाही बीबीएचा प्रमुख हे करू शकतो. नव्या धोरणात दुसऱ्या शाखेचे विषय, फील्ड प्रोजेक्ट, ऑन-जॉब ट्रेनिंग आलंच आहे. दार उघडं आहे, आत जायचं की नाही एवढंच ठरवायचंय.

तुमचं काम काय? प्रवेशाला जाल तेव्हा प्लेसमेंटचा बोर्ड वाचून परत येऊ नका. विभागप्रमुखांना भेटा आणि तीन प्रश्न विचारा. सर, तुमच्याकडे कायम शिक्षक किती आणि तासिकेवर किती? पोरांना प्रोजेक्टसाठी खऱ्या दुकानात, मोंढ्यात, बचत गटात पाठवता का, की नेटवरून कॉपी चालते? आणि बिझनेसची पोरं इतिहास, मराठी, अर्थशास्त्राच्या सरांकडे किती तास बसतात?

उत्तरं देताना सर चिडले, तर समजून जा. वही काढून दाखवली, तर फी भरा.

आणि दुकानदार मित्रांनो, एखादं बीबीएचं पोरगं प्रोजेक्टसाठी तुमच्या दारात आलं तर नुसता शिक्का मारून देऊ नका. आठ दिवस गल्ल्यावर बसवा, खरी उधारीची वही दाखवा. अर्धं कॉलेज तिथंच आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.