नापासांचा गुन्हा कोणता?

विज्ञान शाखेत खेड्यातला मुलगा नापास झाला की ‘कुवत नव्हती तर आलाच कशाला?’ असा शहाजोग सवाल करणारे विद्वान आपल्याकडे उदंड आहेत. मराठी शाळेत ज्याने ‘त्वरण’ आणि ‘संयुजा’ नीट समजून घेतली, त्याच्यापुढे महाविद्यालयात एकाएकी ‘ॲक्सिलरेशन’ आणि ‘व्हॅलन्सी’ उभी राहते. त्याला न्यूटनचा नियम कळत नाही असे नव्हे. प्रश्न कळत नाही. गुणपत्रिकेला मात्र दोन्ही सारखेच! विद्यापीठीय शिक्षण सुमारे दहा वर्षांत प्रादेशिक भाषांतून व्हावे, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले होते. ती दहा वर्षे अद्याप संपावयाची आहेत.

रुरकीच्या आय.आय.टी.ने २०१५ साली पहिल्या वर्षाच्या सत्तरहून अधिक विद्यार्थ्यांना श्रेणी कमी पडली म्हणून एका फटक्यात काढून टाकले. त्यांत बहुसंख्य दलित, आदिवासी व मागासवर्गीय होते. ओरड झाल्यावर त्यांना पुन्हा संधी मिळाली. म्हणजे संधी देणे शक्य होते. आधी सुचले नाही, इतकेच. गुणवत्तेच्या या पुजाऱ्यांना श्रीमंताच्या मुलाची शिकवणी कधी दिसत नाही, हेही नवल नव्हे.

पहिल्या चाचणीत मागे पडलेल्यांसाठी त्याच महिन्यात विनाशुल्क जादा तास आणि प्रश्नपत्रिकेत इंग्रजीसोबत मराठी परिभाषा, एवढी मागणी घेऊन युवक कार्यकर्त्यांनी विद्यापीठावर धडकले पाहिजे. पैसा नाही, असे उत्तर येईल. तेव्हा फेरपरीक्षांच्या शुल्काचा हिशेब तिथल्या तिथे मागावा.