शिक्का लाकडावर, कसोटी सचोटीची

पनवेलच्या चारी दिशांना आज घरे उभी राहत आहेत. २०१६ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात प्रत्येक नव्या घराला दारे लागतात, चौकटी लागतात, पलंग नि कपाटे लागतात. त्यांचे लाकूड शेजारच्या न्हावा-शेवा बंदरातून परदेशाहून येते, विदर्भातील सागवनांतून येते, किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावरून येते. ते कोठून आले, हे गिऱ्हाईक सहसा विचारीत नाही. परंतु मोठमोठ्या लाकूड कंपन्या हा प्रश्न आता स्वतःच स्वतःला विचारू लागल्या आहेत आणि उत्तराचा शिक्का मालावर उमटवू लागल्या आहेत. व्यापाऱ्याच्या अंगात एकाएकी वनदेवतेचा संचार झाला की काय, अशी शंका कोणास आली असेल, तर तिचे निरसन करणे अवश्य आहे.

पहिले कारण बाजाराचे. १९९२ च्या रिओ परिषदेत अरण्यांविषयी बंधनकारक करार होऊ शकला नाही, तेव्हा पर्यावरणवादी संस्था व व्यापारी यांनी १९९३ साली 'फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल' स्थापन केली. वन राखून तोड होते की नाही हे तपासावयाचे आणि तेथपासून दुकानापर्यंत लाकूड ज्या ज्या हातांतून जाईल त्या प्रत्येकाचा हिशेब पाहावयाचा, ही तिची रीत. २०२० साली तुर्भ्याला दुकान थाटणारी 'आयकिया' या संस्थेच्या संस्थापक सभासदांपैकी एक आहे. असे बडे गिऱ्हाईक दाखला मागू लागले म्हणजे पुरवठादारास तो मिळवावाच लागतो.

दुसरे कारण कायद्याचे. अमेरिकेने २००८ साली आपल्या जुन्या लेसी कायद्यात दुरुस्ती करून चोरट्या लाकडाचा व्यापार गुन्हा ठरविला. युरोपीय संघाचा तशाच स्वरूपाचा कायदा २०१३ पासून अमलात आला. केवळ शिक्का दाखवून या कायद्यांतून सुटका होत नाही. पण ज्याचा हिशेब चोख, त्याला उत्तर देणे सोपे जाते. आपल्या हस्तकला निर्यात संवर्धन परिषदेने 'वृक्ष' ही योजना काढली, ती याच गरजेपोटी. तिसरे कारण बदनामीच्या भयाचे. त्यावर अधिक भाष्य नको.

हेतू स्वार्थाचा आहे, म्हणून आमची तक्रार नाही. स्वार्थाने का होईना, जंगल वाचत असेल तर वाचो! आमची शंका निराळी आहे. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्यानेच परीक्षकाचे मानधन द्यावयाचे, अशी या दाखल्यांची व्यवस्था आहे. अशा परीक्षेत नापासांची संख्या किती निघेल, हे सांगण्यास शिक्षणतज्ज्ञ नको. कौन्सिलच्या स्थापनेत सहभागी असलेल्या 'ग्रीनपीस' या संस्थेनेच २०१८ साली तिचे सभासदत्व सोडले. २०२० साली 'अर्थसाइट' या संस्थेने युक्रेनमधील बेकायदा तोडीचे लाकूड दाखल्यासह युरोपच्या बाजारात कसे पोहोचते, याचा अहवाल प्रसिद्ध केला. शिक्का हा पुरावा नव्हे. तो फार तर पुराव्याचा आरंभ होय.

या बाबतीत आम्हांला परक्यांच्याच तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी आज्ञा आहे. हुजूरची परवानगी घेऊन साग तोडावा. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, मगच तोडावे. परवानगी, मोल आणि धन्याचा संतोष! आजच्या जाडजूड नियमावल्यांचे सार याहून वेगळे काय आहे?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना जाहीर केली. ती ऐच्छिक आहे आणि वनाबाहेरील झाडांनाही लागू आहे. ही गोष्ट मोलाची आहे. कारण १९८८ च्या वननीतीनंतर नैसर्गिक जंगलाची दारे उद्योगाला बहुतांशी बंद झाली, आणि आज देशी लाकडाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या जमिनीवर पिकतो. पण दोन एकरांवर साग लावणाऱ्या रायगडच्या शेतकऱ्याने तपासनिसाचे शुल्क कोठून भरावे? त्याला संघ करून एकत्र दाखला मिळाला नाही, तर ही योजना बड्यांच्या कुंपणाचे काम करील. सबब शासनाने तीन गोष्टी कराव्यात: लहान शेतकऱ्यांचे शुल्क सोसावे, तपासणीचे अहवाल जनतेसाठी खुले करावेत, आणि सरकारी कचेऱ्यांच्या लाकूडसामानाच्या निविदांत हाच दाखला मागावा. जेथे जंगल सामूहिक हक्काचे आहे, तेथे ग्रामसभेची साक्ष घेतल्याखेरीज दाखला देऊ नये. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये हक्क मिळाल्यानंतर आपल्या बांबूचा कारभार स्वतः चालवून दाखविला. राखणदार आणि हिशेबनीस ही दोन्ही कामे गाव करू शकते.

राहिला गिऱ्हाइकाचा भाग. भाजी घेताना मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहणारे आपण, लाखभर रुपयांचे कपाट घेताना मात्र केवळ पॉलिशवर भाळतो. 'हे लाकूड कोठले?' एवढे तीन शब्द दुकानदाराला विचारावयास पैसा लागत नाही. ते विचारणारे वाढले, तर कंपन्यांचा स्वार्थच त्यांना खरे बोलावयास लावील. ते कोणी विचारलेच नाहीत, तर शिक्का चकचकीत राहील आणि डोंगर उघडा पडेल.