विश्लेषण : हजारोंच्या तारेने आवाज खरेच सुधारतो का?

होम थिएटर किंवा चांगला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलेल्या ग्राहकाला यंत्रासोबत अनेकदा महागडी तारही विकली जाते. ‘ही पॉवर केबल वीज शुद्ध करते’, ‘या तारेने बास मोकळा होतो’ असे सांगून साध्या तारेच्या कित्येक पट किंमत घेतली जाते. विजेचा दाब सतत कमी-जास्त होणाऱ्या गावांत असे दावे लवकर पटतात. ते विज्ञानाच्या कसोटीवर टिकतात का, याविषयी...

वीज आपल्या घरापर्यंत कशी येते?

बीड जिल्ह्यातच परळीचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. तिथे सध्या प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. पाण्याअभावी हे केंद्र २०१३ मध्ये बंद ठेवावे लागले होते, तरी जिल्ह्यातले दिवे विझले नाहीत, कारण सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यात जाते. तिथून ती महापारेषणच्या अ‍ॅल्युमिनियम-पोलादी तारांवरून उपकेंद्रात, पुढे महावितरणच्या ११ केव्ही वाहिनीवरून गावातल्या डीपीवर आणि मग खांबावरून मीटरपर्यंत येते. भिंतीतली तार साधी तांब्याची असते. एवढा प्रवास झाल्यावर शेवटची एक मीटर तार चांदीची लावून मागचे काहीही बदलत नाही.

पण विक्रेते म्हणतात, यंत्राच्या दृष्टीने तोच पहिला मीटर...

हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. मात्र २३० व्होल्टची वीज स्पीकरकडे थेट जातच नाही. अ‍ॅम्प्लिफायरमधला पॉवर सप्लाय आधी तिचा दाब बदलतो, तिचे डीसीमध्ये रूपांतर करतो आणि कपॅसिटर तिच्यातले चढउतार गाळतात. हे काम यंत्राच्या किमतीतच धरलेले असते. ते नीट होत नसेल तर दोष यंत्राचा आहे. तो तारेने झाकला जात नाही.

स्पीकरच्या तारेचे काय?

इथे तारेची जाडी महत्त्वाची आहे, ब्रँड नाही. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन तिचा रोध साधारण ०.१३ ओहम होतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आहे. खोली मोठी असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग पिन न गंजण्यापुरता आहे. एचडीएमआय केबलमधून तर आकडेच जातात. केबल खराब असेल तर चित्र तुटते, आवाज खंडित होतो. ‘थोडा अधिक गोड आवाज’ असा प्रकार तिथे संभवत नाही.

मग अनेकांना फरक का ऐकू येतो?

ते खोटे बोलत नसतात. किंमत माहीत असली की कान त्या अपेक्षेने ऐकतात. शिवाय आवाज किंचित मोठा असला तरी तो ‘चांगला’ वाटतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दिसत असताना दिलेल्या गुणांवर स्पीकरच्या रूपाचा आणि नावाचा परिणाम झालेला आढळला. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी अधिक क्षमतेची ध्वनिमुद्रणे आणि सीडीच्या दर्जाला उतरवलेला तोच आवाज यांची तुलना केली. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच.

कुणी जाहीर आव्हान दिले होते का?

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती चमत्कार सिद्ध करणाऱ्यांना रोख रकमेचे आव्हान देते, हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत जेम्स रँडी यांचे असेच दहा लाख डॉलरचे आव्हान होते. २००७ मध्ये ते ७,२५० डॉलरच्या स्पीकर तारांनाही लागू करण्यात आले. साध्या तारेपेक्षा तिचा आवाज वेगळा आहे, हे न पाहता ओळखायचे होते. चर्चा बरीच झाली, चाचणी मात्र झालीच नाही.

घरी चाचणी कशी घ्यावी?

एकाने पडद्यामागे नाणे उडवून तार बदलावी, दुसऱ्याने ओळखावे. आवाजाची पातळी तीच ठेवावी. असे दहा वेळा करावे. निव्वळ अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते. पाच-सहा बरोबर आली, तर फरक ऐकू येत नाही असे समजावे. दुकानदार अशी चाचणी नाकारत असेल, तर ग्राहकाने खरेदीचा पुन्हा विचार करावा.

खर्च नेमका कुठे करावा?

विजेचे सगळेच उपाय भोंदू नाहीत. नीट अर्थिंग, एमसीबी, दाब कमी-जास्त होत असेल तिथे चांगला स्टॅबिलायझर आणि वीज कडाडताना प्लग काढून ठेवणे यामुळे यंत्र वाचते. मात्र त्याने सूर सुधारत नाही. आवाजात खरा फरक पडतो तो स्पीकरने, त्याच्या जागेने आणि खोलीने. उघड्या फरशीवर सतरंजी आणि रिकाम्या भिंतीला जाड पडदा, एवढ्यानेही घुमणारा आवाज बराच आवरतो.

फसवणूक झाली तर?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार उत्पादनाविषयी खोटी हमी देणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. त्यासाठी पक्के बिल हवे आणि दुकानदाराने केलेला दावा लेखी हवा. म्हणून ‘वीज शुद्ध होते’ हे वाक्य बिलावर लिहून द्यायला आधीच सांगावे.